पुण्यात पहिलं वर्ष: सामान उशिरा घ्या, स्वयंपाक सकाळीच उरका

पुण्यात शिकायला आलेल्या पोरांचे पैसे वर्षातून दोनदा गळतात. एकदा ॲडमिशन झाल्या झाल्या, कारण तेव्हा आईवडील सोबत असतात आणि लेकराला काही कमी पडू नये म्हणून समोर दिसेल ते घेतलं जातं. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये. मेसचं गरम, तेलकट जेवण घशाखाली उतरत नाही आणि मग रोज रसवंती, ज्यूस सेंटर, रात्री मस्तानी असं सुरू होतं. महिन्याचे पैसे वीस तारखेला संपतात आणि गेले कुठे ते सांगता येत नाही.

मी बार्शीहून इंजिनिअरिंगला आलो तेव्हा पहिल्या चुकीत पूर्ण मार्क मिळवले. कॉलेजजवळच्या एका दुकानात ‘फर्स्ट इयरचं किट’ म्हणून एक पिशवी तयारच ठेवलेली होती: एप्रन, शीट्स, रोलर, सहा जर्नलं, झाडून सगळ्या विषयांची नवी पुस्तकं. वडिलांनी एक शब्द न बोलता पैसे मोजले. त्यातली दोन पुस्तकं वर्ष संपेपर्यंत उघडली नाहीत, जर्नलं कॉलेजच्या स्टोअरमधूनच घ्यावी लागली. आणि फोमची गादी रूमवरच्या कॉटपेक्षा चार बोटं रुंद निघाली. ती वर्षभर एका बाजूने लोंबत राहिली. त्या चार वर्षांत मी जे शिकलो ते इथे लिहितोय. उदाहरणं इंजिनिअरिंगची आहेत, पण बाकीच्या शाखांनाही बरंचसं लागू पडेल.

पहिले पंधरा दिवस काहीच घेऊ नका

म्हणजे अगदी काहीच नाही असं नव्हे. अंथरूण, बादली-मग, कुलूप आणि डासांची अगरबत्ती लागेलच. बाकीचं घरून आणा. ताट, दोन वाट्या, तांब्या, सुरी, पोळपाटाऐवजी चालेल असा एक छोटा पाट, दोन जुन्या चादरी. आणि घरी माळ्यावर पडलेला पाच लिटरचा जुना कुकर, आतल्या डब्यांसकट. त्याची रबरी रिंग नवी टाका, शिटीचं भोक सुईने साफ करा आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जुनाट दिसत असेल तर बदलून घ्या. एवढं केलं की तो कुकर डिग्रीपर्यंत साथ देतो. त्याच्याविषयी पुढे बरंच बोलायचंय.

रूमवर राहायला जाल त्याच दिवशी सगळ्या खोलीचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. भिंतीवरचे डाग, फुटलेली फरशी, खिडकीची काच, सगळं त्यात येऊ द्या. डिपॉझिट परत घेताना या फोटोंइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पंधरा दिवस थांबायचं कारण साधं आहे. कॉट केवढी आहे, रूम पार्टनरने इस्त्री आणली आहे का, टेबल मालक देणार का, कॉलेजात कुठल्या प्रॅक्टिकलला एप्रन खरंच लागतो, हे सगळं या पंधरवड्यात कळतं. शिवाय सीनियर भेटतात. पुण्यात सामान सगळ्यात स्वस्त कधी मिळतं, तर शेवटच्या वर्षाची पोरं रूम सोडतात तेव्हा, म्हणजे मे-जूनमध्ये. टेबल, कूलर, बुकशेल्फ गावी कोण नेणार? तुमचे वर्ग सुरू होईपर्यंत तो हंगाम सरलेला असतो, पण विकलं न गेलेलं बरंच काही ज्युनिअरांच्या खोल्यांत पडून असतं. विचारलं की मिळतं.

पुस्तकं आणि ड्राफ्टर

आधी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि ‘बुक बँक’ आहे का ते विचारा. बऱ्याच कॉलेजांत असते. थोडं डिपॉझिट भरलं की सेमिस्टरभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो, पण संच मोजके असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात नाव द्यावं लागतं. सगळ्यात उशीर न करण्यासारखं काम हेच.

तिथे जमलं नाही तर आप्पा बळवंत चौक, म्हणजे एबीसी. नव्या पुस्तकांच्या दुकानांच्या जोडीला तिथे जुनी पुस्तकं विकणारेही आहेत. जाताना विषयाच्या नावाबरोबर ‘पॅटर्न’, म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या सालचा ते, लिहून न्या. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचा २०१५ चा पॅटर्न होता, मग २०१९ चा आला, आता २०२४ चा. विषयाचं नाव तेच राहतं आणि आतली युनिटं इकडची तिकडे होतात. लोकल ऑथरच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पॅटर्न छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका. जुन्या पॅटर्नचं पुस्तक पन्नास रुपयांत मिळालं तरी ते महागच. परदेशी लेखकांच्या जाडजूड मूळ पुस्तकांचं उलट असतं. गणित आणि फिजिक्सचं दहा वर्षं जुनं पुस्तकही चालतं.

घेताना एक वाक्य जरूर विचारा: “काका, परीक्षा झाल्यावर परत घ्याल का? किती कापाल?” काही जण लगेच आकडा सांगतात. मग तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने त्यांच्याकडूनच लिहून घ्या. जून महिन्यात तेच काका “असं कुठं म्हणालो मी?” म्हणतात, हा अनुभव पाठीशी आहे म्हणून सांगतोय.

ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारायचं दांड्या-पट्ट्यांचं साधन, एका सेमिस्टरपुरता लागतो. नवा घेण्यात अर्थ नाही, पण जुना घेताना तपासून घ्या. बोर्डावर कागद लावा, ड्राफ्टर वरच्या डाव्या कोपऱ्यात घट्ट बसवा, पट्टीने एक आडवी रेघ मारा. मग पट्टी तशीच सरकवत बोर्डाच्या खालच्या टोकाला न्या आणि तिथे दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. मिलिमीटरभरही फरक आला तर दांड्यांचे सांधे ढिले झालेत. असा ड्राफ्टर फुकट मिळाला तरी नको, कारण त्याने काढलेली शीट सर परत करतात आणि शीट पुन्हा काढण्यात एक रात्र जाते. मी माझा दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलाकडून दीडशेला घेतला आणि पुढच्या वर्षी दीडशेलाच विकला.

कॅल्क्युलेटर मात्र नवाच घ्या, नॉन-प्रोग्रामेबल आहे याची खात्री करून. आणि लॅपटॉप? पहिल्या वर्षाला सी आणि पायथन शिकायला कॉलेजची लॅब पुरते. दुसऱ्या वर्षी तुमची शाखा काय मागते ते कळल्यावर घ्या. जुना घेणार असाल तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली जाऊ नका, आणि चार्जर काढून तासभर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकीचं किडुकमिडुक

प्लास्टिकचे डबे, दोरी, हँगर, झाडू यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. स्वयंपाकाची बारीकसारीक भांडी तुळशीबागेत. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे टेबल लॅम्पपासून सायकलच्या सुट्या भागांपर्यंत काहीही सापडतं. विजेवर चालणारी वस्तू तिथून घेऊ नये, लोखंडी बिनधास्त घ्यावी, हा माझा नियम.

बोनाफाईड एकदाच चार घ्या

कॉलेज सुरू झालं की ऑफिसातून एकदमच चार बोनाफाईड, म्हणजे तुम्ही तिथले विद्यार्थी असल्याचे दाखले, काढा. बसचा पास, बँकेचं खातं, शिष्यवृत्ती असं करत ती लागतच जातात आणि दर वेळी खिडकीसमोर एक दुपार जाते. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास निघतो, मेट्रोत विद्यार्थ्यांच्या कार्डावर ३० टक्के सूट आहे. सासवड-शिरूरकडून रोज एसटीने ये-जा करणार असाल तर विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे सुट्टीत घरी जाताना ट्रॅव्हल्सपेक्षा लाल परी परवडते.

पण खरे मोठे पैसे सरकारी योजनांत आहेत, त्यातल्या बऱ्याच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अटी तुमच्या वर्षाच्या सूचनेतूनच वाचा. दोन गोष्टींत हमखास अडकायला होतं. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो आणि बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. दाखला गावी तहसीलमधून निघतो, म्हणून पुण्याला यायच्या आधीच काढून ठेवा.

मेस लावताना

पूर्ण महिन्याचे पैसे देण्याआधी चार दिवस चार ठिकाणी कूपनवर जेवून बघा. त्यातला एक दिवस बुधवार-गुरुवार असू द्या. रविवारच्या फीस्टवरून मेस ठरवणं म्हणजे साखरपुड्याच्या फोटोवरून संसार ठरवणं. ‘खाडा’ कसा धरतात ते स्पष्ट विचारा. सलग तीन दिवस नसलं तरच पैसे कापतात की एक दिवसाचेही, आदल्या दिवशी सांगावं लागतं का. माझ्या पहिल्या मेसवाल्यांनी एप्रिलअखेरीस पुढच्या महिन्याचे पैसे घेतले आणि दहा मेला गावी निघून गेले. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी फक्त रात्रीची एक वेळची मेस लावायचो, तीही पंधरा-पंधरा दिवसांची. सकाळचं स्वतः करायचं. करायला लागल्यावर कळलं की उन्हाळ्यात हेच सोपं पडतं.

उन्हाळ्याचा स्वयंपाक: सकाळी सात वाजता, एक कुकर

वरच्या मजल्यावरच्या खोलीत, त्यातून पत्रा असेल तर, एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर शेगडी पेटवणं ही शिक्षा आहे. म्हणून शेगडी दिवसातून एकदाच, सातला लावायची आणि साडेसातला बंद. त्यानंतर जे काही खायचं ते गार किंवा न शिजवलेलं.

आधी इंधन. मालक गॅस चालू देत असतील तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. इंडक्शन असेल तर ती सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन बोर्डावर दोन हजार वॅटची शेगडी लावून वायर वितळवलेली पोरं मी बघितली आहेत. सबमीटर असेल तर हिशेब सोपा आहे: बाराशे वॅटवर अर्धा तास म्हणजे ०.६ युनिट. मालक युनिटला काय लावतात ते विचारून गुणाकार करा.

आता कुकर. तळाला दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात अर्धी वाटी मुगाची डाळ, दीड वाटी पाणी, हळद, हिंग. मधल्या डब्यात एक वाटी तांदूळ आणि सव्वादोन वाट्या पाणी. वरच्या डब्यात पाणी न घालता दोन कैऱ्या आणि एक बटाटा, सालासकट. चार शिट्या. वाफ आपोआप जिरू द्या, शिटी उचलून घाई करू नका.

झाकण उघडलं की तुमच्यापुढे दिवसभराचं सामान असतं. वरणाला मीठ, गूळ, वर लिंबू. ते भाताबरोबर लगेच खाऊन कॉलेजला जायचं. वरण दुपारपर्यंत ठेवू नका. मेमध्ये ते बाराच्या सुमाराला फेसाळतं, वर बुडबुडे दिसले की सरळ ओतून द्या. बटाटा संध्याकाळी काकडीत कुस्करून दही-मिरची घालून खायचा. उरलेला भात आणि कैऱ्या यांचं काय करायचं ते सांगतो.

दहीभात, पण दह्याशिवाय. दही घालून डबा नेला की दुपारी तो इतका आंबतो की डोळे मिटतात. म्हणून गरम भात वाटीच्या बुडाने मऊसर घोटा, त्यात भाताच्या पाऊणपट दूध घाला. बोटाला सोसेल इतपत कोमट झालं की एकच चमचा दही घालून हलवा आणि डबा बंद करा. सकाळी आठला लावलेला डबा एकपर्यंत आतल्या आत विरजतो आणि दही अगदी गोड लागतं. मीठ खाताना घाला. घरून सांडगी मिरच्या आणल्या असतील तर सकाळीच एक तळून कागदात गुंडाळून न्या. भातासाठी इंद्रायणीचा तुकडा तांदूळ मागा. अख्ख्या दाण्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि मऊ भाताला उलट जास्त चांगला.

पन्हं. शिजलेल्या कैरीची साल काढून गर पिळून घ्या. जेवढा गर त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरीच्या आंबटपणावर. चिमूट मीठ, वेलदोडा. एवढंच घोटून बरणीत भरा, पाणी पिताना मिसळायचं. दोन चमचे गर आणि माठातलं पाणी. फ्रिज नसेल तर दोन दिवसांत संपवा, आणि बरणीत ओला चमचा घालणाऱ्या पार्टनरला आधीच दम भरून ठेवा.

ताकातल्या कण्या. आमच्या सोलापूरकडची ही खरी उन्हाळी न्याहारी, पण पुण्यातल्या पोरांना सांगितली की ती तोंडाकडे बघतात. ज्वारीच्या जाडसर कण्या रात्री भिजत घाला. सकाळी भाताऐवजी त्या डब्यात चौपट पाणी आणि मीठ घालून कुकरला लावा. शिट्या दोन जास्त. गार झाल्यावर ताकात कालवायच्या. लसणाच्या दोन पाकळ्या, मिरची, जिरं ठेचून वरून. एक वाडगा खाल्ला की दुपारचे दोन वाजेपर्यंत भुकेची आठवण होत नाही आणि तहानही कमी लागते.

दडपे पोहे. याला शेगडी नाही म्हटलं तरी चालेल. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, किसलेली कैरी, मिळालं तर ओलं खोबरं, मीठ, साखर. हाताने कालवून झाकण ठेवा आणि झाकणावर चक्क एक जाड पुस्तक ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत भाज्यांच्या पाण्याने पोहे मऊ होतात. कोरडे वाटले तर ताकाचा हबका मारा. वरून शेंगदाण्यांची फोडणी. न उघडलेल्या त्या दोन पुस्तकांपैकी एकाचा मला झालेला उपयोग हाच.

मटकी उन्हाळ्यात सगळ्यात गुणी. सकाळी भिजवून रात्री ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या सकाळी लांब मोड. वाफ दिलेल्या मटकीत कांदा, लिंबू, मीठ, मूठभर कुरमुरे घातले की संध्याकाळचं भागतं. आणि ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवसासाठी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात असू द्या. ती भाकरी नीट बंद ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. हाताने चुरायची, वर दही, चटणी, कच्चा कांदा. कुरकुरीत असतानाच खायची, बोलत बसलात तर लगदा होतो.

भाजी मंडईत संध्याकाळी उशिरा घ्या, उरलेल्या मालाचे वाटे लावलेले असतात. दोघंतिघं मिळून कांदा-बटाटा मार्केट यार्डातून एकदम आणला तर आणखी स्वस्त पडतो, फक्त कांदे गोणीत न ठेवता जमिनीवर पसरा.

माठ

फ्रिज भाड्याने घेण्याआधी एक माठ घ्या. विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आला तर कुठेतरी चीर आहे. आणल्यावर एक दिवसभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी ओतून द्या, मातीचा वास जातो. खिडकीच्या वाऱ्यात, तिवईवर ठेवा. छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाऱ्याने उडतं म्हणून आतलं गार होतं, कोपऱ्यात कोंडून ठेवलेला माठ गार होत नाही. दुपारी भोवती ओलं फडकं गुंडाळा. आतून साबण लावू नका, नुसत्या हाताने चोळून धुवा.

परीक्षा संपली की रूम सोडायची असेल तर करारात असेल तेवढी आधी नोटीस द्या, बहुतेक ठिकाणी महिनाभर. पुस्तकं पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यासकट एबीसीला, ड्राफ्टर पुढच्या पोराला, कुकर स्वतःबरोबर. माठ कुणी विकत घेत नाही आणि एसटीत फुटतो. एका उन्हाळ्यानंतर त्याची छिद्रंही बुजतात, पाणी पहिल्यासारखं गार होत नाही. माझा मी खालच्या रूममधल्या पोरांना दिला. ते त्यात बटाटे ठेवायचे.